जी लीगमध्ये (एनबीएच्या खालची बास्केटबॉल लीग) तुफान खेळणाऱ्यांना एनबीएत खरा चान्स मिळायला हवा की नाही?

तिसरा_क्वार्टर

मंडळी एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात घोळतेय, आज विचारूनच टाकतो. मॅक मॅकक्लंगचं नेमकं अडतंय कुठे? २०२२ ला जी लीगचा रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवखा), २०२४ ला ऑसिओला मॅजिककडून तिथलाच एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू), मॅचला २५ च्या वर पॉइंट्स, आणि वर ऑल-स्टारची डंक (उडी मारून बॉल रिंगमध्ये कोंबायची) स्पर्धा २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षं मारली. म्हणजे ज्या स्पर्धेत एनबीएची मोठी नावं उतरायला तयार होत नाहीत तिथे जी लीगचा पोरगा येऊन तीनदा ट्रॉफी उचलून गेला. आणि एवढं सगळं करून एनबीएच्या खऱ्या सीझनच्या मॅचेस किती, तर मोजक्याच. त्यातही इकडे एक, तिकडे दोन अशा.

मला हे झेपत नाहीये. २००१ ला ही लीग ८ टीम्स घेऊन सुरू झाली तेव्हा नावातच डेव्हलपमेंट होतं, आता ३१ टीम्स आहेत, एनबीएच्या प्रत्येक टीमची स्वतःची एक जी लीग टीम आहे, मग तिथे जो सगळ्यात भारी खेळतो तो वर जाणार नसेल तर ही सगळी खटपट कशासाठी?

आणि ज्यांना चान्स मिळाला त्यांचं बघा ना. आंद्रे इनग्रम आठवतोय का? दहा वर्षं खालच्या लीगमध्ये घासली, ३८४ मॅचेस, अमेरिकन युनिव्हर्सिटीची फिजिक्सची डिग्री, मधल्या काळात गणिताच्या शिकवण्या घेऊन भागवलं, आणि १० एप्रिल २०१८ ला लेकर्सनी सीझनच्या शेवटच्या दोन मॅचेससाठी बोलावलं. वय ३२, केसांत पांढरे दिसत होते. समोर त्या वर्षीचे हार्डन आणि ख्रिस पॉलवाले रॉकेट्स. याने १९ पॉइंट्स मारले, ५ पैकी ४ थ्री (लांबून तीन पॉइंट्सचे शॉट) आत, आणि अख्खं स्टेपल्स सेंटर एमव्हीपी एमव्हीपी ओरडत होतं. मी ती मॅच परत परत पाहिलीये आणि दरवेळी आनंदापेक्षा रागच जास्त येतो, की अरे हा माणूस इतकी वर्षं होता कुठे, आणि याच्यासारखे अजून किती असतील जे ३० वर्षांचे झाले आणि कंटाळून परदेशी निघून गेले. माझं मत सरळ आहे, खाली दोन सीझन टॉपला असलेल्याला वर निदान २०-२५ मॅचेस मिळायलाच हव्यात. तुम्हाला काय वाटतं?

कोपऱ्यातला_थ्री

तुझी तळमळ पटते रे पण प्रश्न थोडा उलटा विचारतोयस असं वाटतं.

जी लीगमध्ये २५ पॉइंट्स मारणारा म्हणजे काय, तर बॉल सगळा वेळ त्याच्या हातात. टीम त्याच्याभोवती रचलेली, एका मॅचला २० शॉट्स मारायची मुभा. आता तोच खेळाडू वर घेतला तर बॉल कुणाच्या हातात असणार? शे गिल्जस-अलेक्झांडर किंवा लुकासारख्या स्टारच्या हातातून तो काढून मॅकक्लंगला कोण देणार आहे? वर गेल्यावर त्याला मिळणार १२ मिनिटं आणि ४ शॉट्स, आणि उरलेला सगळा वेळ कोपऱ्यात उभं राहणं, स्क्रीनमधून (वाट अडवून उभ्या खेळाडूंमधून) वाट काढत आपल्या माणसामागे पळणं, स्विच (माणसांची अदलाबदल) झाल्यावर ६ फूट ८ इंचाच्या माणसाला अंगावर घेणं. खाली टॉपला असणं आणि वर आठवा माणूस असणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकात पहिला आला म्हणून दुसरं जमेलच असं नाही.

गॅरी पेटन दुसरा बघ. उंची मॅकक्लंगएवढीच, ६ फूट २. खाली बरीच वर्षं काढली, एका टीमकडून दुसरीकडे, २०२१ ला रॅप्टर्स ९०५ कडून जी लीगचा डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर झाला. त्याला कुणी स्कोअरर म्हणून घेतलंच नाही. वॉरियर्सनी आधी टेन-डेवर (दहा दिवसांच्या करारावर) घेतला, नंतर ऑक्टोबर २०२१ ला काढला पण, आणि मग शेवटच्या पंधराव्या जागेवर परत घेतला. त्याने काय केलं, समोरच्या सगळ्यात डेंजर गार्डला चिकटून राहायचं, आणि अटॅकमध्ये सेंटरसारखं (रिंगजवळच्या उंच खेळाडूसारखं) स्क्रीन लावून रिंगकडे धावायचं, गार्ड असून! जून २०२२ ला फायनल्स जिंकणाऱ्या टीममध्ये तो महत्त्वाचा माणूस होता. वय २९.

डंकन रॉबिन्सनचंही तेच. कॉलेजची सुरुवात डिव्हिजन थ्रीत, ड्राफ्टमध्ये (एनबीएची नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) नाव नाही, मायामी हीटनी टू-वेवर (एनबीए आणि जी लीग दोन्हीकडे खेळायचा करार) घेऊन आपल्या जी लीग टीमकडे सू फॉल्सला पाठवला आणि तिथे त्याच्याकडून एकच काम घोटून घेतलं, धावत येऊन पाय जमिनीला लागायच्या आत थ्री सोडायचा. २०२१ ला ५ वर्षांचं ९ कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट. तो जी लीगचा एमव्हीपी वगैरे कधीच नव्हता.

म्हणून मी म्हणतो, खालून वर कोण येतो हे बघ. पॉइंट्सच्या यादीत वर असलेले फार कमी टिकतात. टिकतात ते एकच काम वरच्या लेव्हलला नीट करणारे.

फ्रिस्कोकर

मी फ्रिस्को टेक्ससला राहतो, डॅलसच्या टेक्सस लेजेंड्सच्या मॅचेसना गेली काही वर्षं नेमाने जातोय, तर जवळून पाहिलेलं सांगतो.

वर कोपऱ्यातला_थ्री म्हणतो ते बरोबर आहे पण एक गोष्ट टीव्हीवर किंवा आकड्यांत दिसत नाही. तिथे मैदानावर असलेल्या दहाही जणांना माहीत असतं की कोपऱ्यात बसलेला तो वहीवाला माणूस कुठल्यातरी एनबीए टीमचा आहे. आणि मग प्रत्येकाला आपल्याला बघितलं जावं असं वाटतं. एका बाजूला कोच ओरडतोय की पास दे, दुसऱ्या बाजूला पोराला ठाऊक आहे की पास दिला तर उद्या आकड्यांत काय दिसणार, २ असिस्ट? सगळे असं खेळतात असं नाही म्हणत, पण ओढ असते. मी एकदा एका गार्डला पाहिलं, नाव नाही घेत, पहिल्या हाफमध्ये डिफेन्स असा की समोरच्याला श्वास घेऊ देईना, आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये पलीकडच्या टीमचा गार्ड ३० वर गेला तसा हा पण शॉट्स मारायला लागला, मारतच राहिला, ७-८ मिस. मॅचनंतर लहान पोरांना सह्या देताना हसत होता पण चेहरा उतरलेला होता. मला फार वाईट वाटलं, कारण पहिल्या हाफमध्ये जे केलं ना त्यासाठीच कुणीतरी त्याला उचललं असतं.

सतनाम सिंग भमारा इथेच होता. २०१५ ला डॅलसनी ५२ वा पिक म्हणून घेतला, भारतात जन्मलेला ड्राफ्ट झालेला पहिलाच, आणि मग लेजेंड्सकडे. एनबीएची एकही मॅच मिळाली नाही त्याला. मी तेव्हा फार हळहळलो होतो, आपला माणूस म्हणून. पण खरं सांगायचं तर लेजेंड्सकडेच त्याला धड मिनिटं मिळत नव्हती. ७ फुटांच्या वर उंची, हात मऊ, पण तेव्हा गेम असा बदलला होता की सेंटरला थ्री लाइनपर्यंत पळत येऊन गार्डसमोर उभं राहावं लागायचं. भारतीय वंशाचा एनबीएत खेळणारा पहिला सिम भुल्लर, कॅनडाचा, तोही खालच्या लीगमधल्या रेनोहून एप्रिल २०१५ ला सॅक्रामेंटोला टेन-डेवर गेला, तीन मॅचेस झाल्या आणि संपलं.

या लोकांचं रोजचं आयुष्य कसं असतं तेही लक्षात घ्या, साध्या विमानाने प्रवास, पहाटेची फ्लाइट, ६ फूट १० इंचाचा माणूस मधल्या सीटवर गुडघे दुमडून. २०२३-२४ ला जी लीगचा साधा पगार होता अख्ख्या सीझनचा ४०,५०० डॉलर. परदेशी लीगमध्ये यातल्या चांगल्या खेळाडूला याच्या कितीतरी पट मिळतात. तरी थांबतात, कारण इथून फोन आला तर दुसऱ्या दिवशी पोचता येतं. इतकं सोसून थांबणाऱ्याला चान्स मिळावा असं मला मनापासून वाटतं, तिसरा_क्वार्टरच्या बाजूने मी अर्धा तरी आहे.

कॅप_आणि_कागद

यात कॉन्ट्रॅक्टचा भाग कुणी बोललंच नाही आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

३० टीम्स, प्रत्येकी १५ पक्क्या जागा, म्हणजे ४५०. त्याच्यावर टू-वे. २०१७-१८ ला सुरू झाले तेव्हा टीममागे दोन, २०२३-२४ पासून तीन. म्हणजे आणखी ९०. पण त्या ४५० मधल्या शेवटच्या जागा खरंच मोकळ्या असतात का? नसतात. पहिल्या राउंडमध्ये घेतलेल्या १९ वर्षांच्या पोराची पहिली दोन वर्षं गॅरंटीड असतात, तो खेळो न खेळो. टीमने त्याच्यावर पिक घालवलाय, तो चुकला तर निवडणारा चुकला असं होतं, म्हणून त्याला ६० मॅचेस मिळतात शिकायला. आणि २७ वर्षांचा जी लीगवाला? त्याला टेन-डे. ५ जानेवारीनंतर १० दिवस किंवा ३ मॅचेस, जे जास्त असेल ते. एका सीझनमध्ये एका टीमकडून असे दोनच, मग एकतर सीझनभरासाठी साइन करा नाहीतर सोडा.

आता विचार करा १० दिवसांत काय होतं. पहिले दोन दिवस प्लेबुक (टीमच्या ठरलेल्या चाली) शिकण्यात. मग विमान. सीझनच्या मध्यात टीम्स प्रॅक्टिस जवळजवळ घेतच नाहीत. मॅचमध्ये शेवटची ४ मिनिटं, २० पॉइंट्सनी हरत असताना, सोबत अजून चार जण जे एकमेकांबरोबर कधी खेळलेच नाहीत. आणि यावरून ठरवायचं की हा एनबीए लेव्हलचा आहे का! रेनाल्डो मेजर नावाचा खेळाडू होता, २००७ चा डी-लीगचा (जी लीगचं जुनं नाव) डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर, नंतर कित्येक वर्षं त्या लीगमध्ये, एनबीएत आयुष्यात एक मॅच, जानेवारी २००७, वॉरियर्सकडून. एक. त्याच्यात दम होता की नव्हता हे त्या एका मॅचवरून कुणाच्या बापाला कळणार नाही.

टू-वे बरं आहे तसं, रूकी मिनिममच्या निम्मे पैसे, म्हणजे साडेपाच लाख डॉलरच्या वर, जी लीगच्या मानाने आकाशच. पण तिथेही ५० मॅचेसची मर्यादा आणि प्लेऑफ खेळता येत नाही. म्हणजे नोव्हेंबरपासून राबलेला माणूस एप्रिलमध्ये सूट घालून बेंचच्या मागे बसणार, टीमने पक्कं कॉन्ट्रॅक्ट दिलं नाही तर. हा नियम मला पहिल्यापासून खटकतो, बाकी सगळं समजू शकतो मी पण हे नाही.

तेव्हा मॅकक्लंगला घ्या असं मी म्हणणार नाही, माझं एवढंच की जो चान्स म्हणून देता तो चान्स असू दे. टेन-डेच्या जागी निदान ३० दिवसांचं काहीतरी आणा.

रिबाउंड_राणी

जेरेमी लिनला कसे विसरलात सगळे?

२०१२ चा जानेवारी, न्यूयॉर्क निक्सनी त्याला खालच्या लीगमधल्या एरीला पाठवला, तिथे २० तारखेला २८ पॉइंट्स, ११ रिबाउंड, १२ असिस्ट. परत आला तरी बेंचवरच. १० फेब्रुवारीला कॉन्ट्रॅक्ट गॅरंटीड होणार होतं, त्याआधी काढून टाकायची पूर्ण शक्यता होती. बॅरन डेव्हिस जखमी होता, बाकी गार्ड्स चालत नव्हते, म्हणून ४ तारखेला नेट्सविरुद्ध नाइलाजाने उतरवला आणि ३६ मिनिटं ठेवला. २५ पॉइंट्स, ७ असिस्ट. आणि १० तारखेला, म्हणजे ज्या दिवसाची भीती होती त्याच दिवशी, कोबीच्या लेकर्सविरुद्ध ३८.

त्या आठवड्यात लिन अचानक चांगला झाला नव्हता ना. तो आधीही तेवढाच चांगला होता, वॉरियर्सनी रेनोला पाठवला तेव्हाही आणि एरीत पण. बदललं काय तर ३६ मिनिटं आणि हातात बॉल. म्हणून कोपऱ्यातला_थ्री, तुझं रोलचं म्हणणं मला अर्धंच पटतं. काही खेळाडू १२ मिनिटांच्या साच्यात कधीच दिसणार नाहीत, त्यांना चार रात्री बॉल हातात देऊनच बघावं लागतं. प्रत्येकाला कोपऱ्यात उभा करून तपासलंत तर कोपऱ्यात उभे राहणारेच सापडणार.

डिसेंबर २०२१ मध्ये हेच नाही का झालं? ओमायक्रॉनने अर्ध्या टीम्स घरी बसल्या, हार्डशिपच्या नियमाखाली (खेळाडू कमी पडले की जादा घ्यायची मुभा) खालून धडाधड माणसं उचलली, त्या सीझनला ६०० च्या वर खेळाडू एनबीएत उतरले, तेव्हापर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा. आणि मॅचेस काही बघवेनाशा झाल्या नाहीत. फरक होता, पण लोक घाबरवतात तेवढा नव्हता.

कोपऱ्यातला_थ्री

@रिबाउंड_राणी लिनचा मुद्दा मान्य, आणि तो माझ्या डोक्यात आलाच नव्हता हेही मान्य. पण त्यानंतर तसा दुसरा लिन किती वेळा झाला सांग ना. २०१२ नंतर खालून आलेले जे मोठे झाले ते बहुतेक हळूहळू, एका ठरवलेल्या कामातून. मिडलटन फोर्ट वेनला होता, गोबेर बेकर्सफील्डला, सियाकम २०१७ ला रॅप्टर्स ९०५ बरोबर डी-लीग जिंकून फायनल्सचा एमव्हीपी, दोन वर्षांनी रॅप्टर्सबरोबर एनबीए. व्हॅनव्हलीट त्याच ९०५ मध्ये होता, आणि वरच्या टीमचा कोच निक नर्स, तो स्वतः आयोवा आणि रिओ ग्रांडे व्हॅलीला डी-लीग जिंकून आलेला!

मला यातली सगळ्यात सुंदर टीम वाटते ती २०२५ ची थंडर. करूसो ड्राफ्टमध्ये नव्हता, ओक्लाहोमा सिटी ब्लू, मग साउथ बे लेकर्स, टू-वे. डॉर्ट ड्राफ्टमध्ये नव्हता, टू-वे. हार्टेन्स्टाइन २०१९ ला रिओ ग्रांडे व्हॅलीकडून जी लीग फायनल्सचा एमव्हीपी. विगिन्स टू-वे. चॅम्पियन टीमच्या रोटेशनमधले चार जण, आणि चौघांपैकी एकालाही कुणी २५ पॉइंट्स मारतो म्हणून घेतलेलं नाही. करूसोने प्लेऑफमध्ये काय काय केलं ते बघ, सेंटरला अंगावर घेत होता.

मॅकक्लंगला हे जमेल का? मला खरंच माहीत नाही. उडी तर कुणाहीपेक्षा जास्त आहे, म्हणजे शरीर आहे.

तिसरा_क्वार्टर

सगळ्यांचं नीट वाचलं, दोनदा. कॅप_आणि_कागद, तुझं टेन-डेचं वाचून इनग्रमकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. मी ती मॅच जी लीगवाल्यांना चान्स द्या याचा पुरावा म्हणून सांगत होतो, पण नीट बघितलं तर त्याला मिळाल्या दोन मॅचेस, सीझन संपत आलेला, लेकर्स प्लेऑफच्या बाहेर. दोन मॅचेसचे साधारण १४ हजार डॉलर मिळाले आणि पुढच्या सीझनला तो परत साउथ बेला, मग मार्च २०१९ ला अजून एक टेन-डे. म्हणजे १९ पॉइंट्स मारूनही त्याला जे हवं होतं ते मिळालं नाहीच. आम्ही सगळे टाळ्या वाजवून मोकळे झालो.

आणि कोपऱ्यातला_थ्री, तू म्हणतोस ते डोक्याला पटलं, की एमव्हीपीला हक्काने वर घ्या ही मागणी चुकीची आहे, ती मागे घेतो. २०-२५ मॅचेस सगळ्यांना देणं शक्य नाही तेही कळलं. पण मन अजून एका ठिकाणी अडतं. जो खाली एवढे पॉइंट्स मारतोय त्याला कुणी आधी सांगतं का, की बाबा तुझं स्कोअरिंग आम्हाला नकोय, तू स्क्रीनवरचा डिफेन्स शिक, मग घेतो? हीटनी रॉबिन्सनला सांगितलं, त्याचं भलं झालं. बाकीच्यांना?

फ्रिस्कोकर

काहींना सांगतात, काहींना नाही. ज्याचं टू-वे आहे त्याला सांगतात, कारण तो त्या टीमचा आहे, वरच्या टीमचे कोच त्याचे व्हिडिओ बघतात, खालच्या कोचला फोन येतो की याला आज बॉल कमी द्या, गार्डवर सोडा. पण ज्याच्याकडे टू-वे नाही, नुसता जी लीगचा करार आहे, त्याला कुठलीही एनबीए टीम उचलू शकते, म्हणजे तो तसा कुणाचाच नाही. खालचा कोच त्याच्याकडून मॅच जिंकायला पॉइंट्स मागणार, आणि ते बरोबरच आहे त्याच्या जागी.

तो मी सांगितलेला गार्ड, त्याच्याकडे टू-वे नव्हतं. पुढच्या सीझनला लेजेंड्सकडे दिसला नाही. मी नंतर शोधलं तर युरोपात खेळतोय, तिथली क्लिप पाहिली एक, पूर्ण कोर्टभर डिफेन्स करत होता, अगदी त्या पहिल्या हाफसारखा.